श्रेय दिले, परवानगी घेतली का?

इंटरनेटवरील छायाचित्रे, लेख, कविता आणि संगीत यांच्या वापराविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळच्या सदरात देत आहे. पत्रे निरनिराळ्या वाचकांची असली, तरी एक वाक्य त्यांत पुन्हा पुन्हा आले आहे : ‘आम्ही खाली नाव दिले होते.’ हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र श्रेय देणे आणि परवानगी घेणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत आणि एक पार पाडल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही, हे ध्यानात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. विद्यार्थ्यांनी प्रकल्पांसाठी इंटरनेटवरून छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकाखाली संकेतस्थळाचे नाव लिहिले. निवडक प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर ठेवण्याचा विचार आहे. हेतू शैक्षणिक असल्याने हरकत नसावी, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या प्रसंगाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा एक खटला युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला होता. जर्मनीतील एका शाळेच्या प्रकल्पात कोर्दोबा शहराचे एक छायाचित्र प्रवासविषयक संकेतस्थळावरून उतरवून वापरण्यात आले होते. त्याखाली त्या संकेतस्थळाचा उल्लेखही केलेला होता. पुढे तो प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर गेला आणि छायाचित्रकाराने हरकत घेतली, कारण वापराची मुभा त्याने केवळ त्या प्रवासविषयक संकेतस्थळाला दिली होती. न्यायालयाने ७ ऑगस्ट २०१८ रोजी निर्णय दिला की, मूळ ठिकाणी छायाचित्र कोणालाही विनाअडथळा पाहता येत असले, तरी ते उतरवून घेऊन दुसऱ्या संकेतस्थळावर नव्याने ठेवणे म्हणजे ते नव्या वाचकवर्गापुढे मांडणे होय आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी आवश्यक आहे.

या निर्णयामागील विचार मला महत्त्वाचा वाटतो. छायाचित्रकाराने उद्या आपले छायाचित्र मूळ संकेतस्थळावरून काढून घेतले, तर तेथे दिलेली लिंक आपोआप निरुपयोगी होते. परंतु शाळेने स्वतःकडे ठेवलेली प्रत तशीच राहते आणि त्या कृतीवर निर्मात्याचा काही ताबा उरत नाही. म्हणूनच याच न्यायालयाने २०१४ मध्ये, सर्वांना खुल्या असलेल्या आणि हक्कधारकाच्या संमतीने प्रसिद्ध झालेल्या मजकुराची केवळ लिंक देण्यास परवानगी लागत नाही, असे म्हटले होते. प्रत करणे आणि वाट दाखवणे यांतला हा फरक आहे. दोन वर्षांनी त्याने त्यास एक मर्यादा घातली : मजकूर बेकायदा ठेवलेला आहे हे ठाऊक असूनही लिंक देणारा जबाबदारीतून सुटत नाही.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. वर्गात शिकवताना एखादे छायाचित्र दाखवणे, प्रश्नपत्रिकेत उतारा घेणे अशा गोष्टींना अनेक देशांचे कायदे स्पष्ट सवलत देतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही शिक्षणासाठीच्या सवलती आहेत. परंतु वर्गाच्या चार भिंतींतील वापर आणि जगभर दिसणारे संकेतस्थळ यांना एकच माप लागू होत नाही. प्रकल्प अवश्य प्रसिद्ध करा. त्यांतील छायाचित्रांच्या जागी विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली चित्रे अथवा मुक्त परवान्याची छायाचित्रे घ्या. अशा परवान्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी ज्या संकेतस्थळावरून लेख घेतला, तेथे वर्तुळातील ‘सी’ हे चिन्ह नव्हते आणि ‘सर्व हक्क राखीव’ असेही लिहिलेले नव्हते. तरीही लेख काढून टाकण्याची सूचना आली. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. साहित्य आणि कला यांच्या संरक्षणासाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न कराराच्या १९०८ च्या सुधारणेनुसार, संरक्षणासाठी नोंदणी किंवा चिन्ह यांची अट घालता येत नाही. लेख लिहिला गेला, छायाचित्र टिपले गेले की हक्क त्याच क्षणी निर्माण होतो. अमेरिकेत मात्र चिन्हाची अट दीर्घकाळ होती आणि तो देश बर्न करारात १ मार्च १९८९ पासून सहभागी झाला. चिन्ह नाही म्हणजे हक्क नाही, हा समज त्या जुन्या काळाचा अवशेष असावा. आज चिन्ह नसणे याचा अर्थ एवढाच, की हक्क कोणाचा आहे हे आपणांस स्वतः शोधावे लागेल.

प्रश्न : माझ्या परिचितांच्या गटात रोज सुंदर कविता येतात. बहुतेकींखाली ‘कवी अज्ञात’ असे असते, तर कधी एखाद्या प्रसिद्ध कवीचे नाव असते. त्या पुढे पाठवण्यात काही गैर आहे का? त्यातून कोणी पैसे तर मिळवत नाही.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर देताना एक प्रसंग सांगणे मला कर्तव्य वाटते. काही वर्षांपूर्वी मी संपादन करत असलेल्या एका अंकात अशीच एक कविता ‘अज्ञात’ म्हणून छापली गेली. अंक निघाल्यावर पंधरा दिवसांत कवयित्रीचे पत्र आले. सोबत त्यांच्या संग्रहातील पानाची छायाप्रत होती. मी दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली. मूळ कवितेला सोळा ओळी होत्या, आमच्याकडे आलेल्या कवितेला बारा. आजारी वडिलांच्या उशाशी जागून काढलेल्या रात्रीचे चार ओळींचे कडवे कोणीतरी गाळले होते आणि शेवटच्या ओळीतील ‘दार’ या शब्दाच्या जागी ‘देव’ हा शब्द घातला होता. त्यामुळे एका विशिष्ट घरातील, एका विशिष्ट रात्रीची ती कविता सकाळच्या शुभेच्छेसारखी झाली होती. कवयित्रींनी मानधन मागितले नाही. ‘नाव नसल्याचे दुःख कमी आहे, कडवे नसल्याचे जास्त,’ असे त्यांनी लिहिले होते. पुढच्या अंकात आम्ही क्षमायाचनेसह संपूर्ण कविता त्यांच्या अनुमतीने छापली. तथापि बारा ओळींची ती प्रत त्यानंतरही फिरतच राहिली.

कायद्याने या दुःखाची दखल घेतलेली आहे. बर्न करारात १९२८ मध्ये रोम येथील सुधारणेने नैतिक हक्कांची तरतूद आली. कृती आपली आहे असे म्हणण्याचा हक्क आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा रीतीने कृतीत केलेल्या फेरफारास हरकत घेण्याचा हक्क, असे ते दोन हक्क आहेत. आर्थिक हक्क प्रकाशकाला देऊन टाकल्यानंतरही ते निर्मात्याकडे राहतात. त्यामुळे ‘कोणी पैसे मिळवत नाही’ हा मुद्दा येथे पुरेसा ठरत नाही. पैसे न घेता वाटल्यानेही निर्मात्याचे नुकसान होऊ शकते, आणि नाव पुसले जाणे हे तर पैशांत मोजताच येत नाही.

आता व्यवहारात काय करावे? कवितेची एखादी वेगळी वाटणारी ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधावी. कवीचे स्वतःचे पान किंवा संग्रहाचा उल्लेख सापडला, तर पूर्ण कविता पाठवण्याऐवजी त्या पानाची लिंक पाठवावी. प्रसिद्ध कवीचे नाव असेल, तर ते अधिक संशयाने पाहावे, कारण अनोळखी व्यक्तीच्या ओळींना मोठे नाव चिकटवणे हा दोघांवरही अन्याय असतो. आणि काहीच सापडले नाही, तर ‘अज्ञात’ लिहून पुढे पाठवू नये. कवी अज्ञात नसतो. आपल्याला तो ठाऊक नसतो.

प्रश्न : बाजारात कोठेही न मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ अभ्यासगटात पाठवली तर चालेल का?

उत्तर : पुस्तक छापून येणे थांबले म्हणून त्यावरील हक्क संपत नाही, तो मुदतीने संपतो. बर्न करारानुसार किमान मुदत लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षे आहे. भारतात ती ६० वर्षे, युरोपीय संघात ७० वर्षे आणि मेक्सिकोत १०० वर्षे आहे. मोजणी मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून होते. म्हणजे १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखकाच्या लेखनावरील हक्क भारतात २०२५ च्या अखेरीस संपला, परंतु जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये तो २०३५ अखेरपर्यंत टिकू शकतो. ज्या देशात वापर होतो, तेथील कायदा पाहावा. मूळ ग्रंथ मुक्त झाला, तरी त्याचा अलीकडचा अनुवाद, नवी प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

हेतू चांगला असणे पुरेसे नाही, हे अमेरिकेतील एका खटल्यात दिसले. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था छापील पुस्तके स्कॅन करून वाचकांना ठरावीक मुदतीसाठी विनामूल्य देत असे. चार प्रकाशकांनी २०२० मध्ये तिच्याविरुद्ध दावा दाखल केला आणि २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने, तर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो प्रकाशकांच्या बाजूने निकाली काढला. दुर्मीळ पुस्तकांविषयीची आपली तळमळ मी समजू शकतो, कारण अनेक चांगली पुस्तके या कायद्याच्या दीर्घ मुदतीमुळेच वाचकांपासून दूर राहतात, असे माझेही मत आहे. तरीही उपाय ग्रंथालयातून प्रत मिळवणे, लेखकाच्या वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहिणे हाच आहे.

प्रश्न : मी पुस्तकांची परीक्षणे लिहिते. किती टक्के मजकूर उद्धृत करता येतो? कोणी दहा टक्के म्हणतात, कोणी दोनशे शब्द.

उत्तर : हे आकडे कोठून आले असावेत याची कल्पना करता येते, कारण काही प्रकाशनसंस्था आपल्या सोयीसाठी अशा मर्यादा ठरवतात. मात्र परीक्षणासाठी अमुक टक्के किंवा अमुक शब्द अशी सरसकट सुरक्षित मर्यादा बर्न करारात नाही, अमेरिकेच्या किंवा भारताच्या कायद्यातही नाही. बर्न करार अवतरणाचा हक्क स्पष्टपणे देतो. त्यासाठीच्या अटी अशा, की मूळ कृती रीतसर प्रसिद्ध झालेली असावी, अवतरण रास्त प्रथेला धरून आणि हेतूला आवश्यक तेवढेच असावे, आणि स्रोत व लेखकाचे नाव दिलेले असावे. येथे श्रेय हे कर्तव्य आहेच, पण ते परवानगीच्या जागी आलेले नाही. परवानगी कायद्यानेच दिलेली आहे आणि श्रेय ही तिची एक अट आहे.

अमेरिकेचा कायदा ‘फेअर यूज’च्या, म्हणजे परवानगीविना करता येणाऱ्या रास्त वापराच्या, चार कसोट्या सांगतो : वापराचा हेतू आणि स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व, आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवर होणारा परिणाम. भारतासह अनेक देशांत टीका आणि परीक्षण यांसाठीच्या रास्त वापराला स्वतंत्र सवलत आहे. आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : हे अवतरण काढून टाकले, तर माझे म्हणणे अपुरे राहील का? कादंबरीतील निवेदनाच्या लयीविषयी लिहिताना तिचा एक परिच्छेद देणे अपरिहार्य असते. रहस्यकथेचा उलगडा करणारे अखेरचे पान संपूर्ण उतरवणे मात्र शब्दसंख्येने थोडे असूनही मूळ पुस्तकाची गरजच संपवते. आठ ओळींच्या कवितेतील सहा ओळी देताना हा विचार अधिकच करावा लागतो.

परीक्षकांनी भीतीपोटी अवतरणे देणेच सोडून द्यावे, असे मात्र मला मुळीच वाटत नाही. संरक्षण अभिव्यक्तीला असते, कल्पनेला नसते, हे जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ या बौद्धिक संपदाविषयक करारात नमूद आहे. तो १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. कथेतील कल्पनेची चर्चा, लेखकाच्या युक्तिवादाचा आपल्या शब्दांतील सारांश, त्याने मांडलेल्या तथ्यांचा उपयोग हे सारे आपल्याला मोकळे आहे. सारांश मात्र खरोखर आपल्या शब्दांत असावा. प्रत्येक वाक्यातील दोन शब्द बदलून केलेला मजकूर हा सारांश नव्हे, ती प्रतच असते.

प्रश्न : क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे काहीही वापरायला मोकळे, असे समजावे का? त्यातील आद्याक्षरांचा अर्थही सांगावा.

उत्तर : तसे समजू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्माता हक्क आपल्याकडेच ठेवून काही वापरांना आधीच, सर्वांसाठी परवानगी देऊन ठेवतो, हे या परवान्यांचे मर्म आहे. म्हणजे पत्र पाठवून परवानगी मागण्याचा व्याप वाचतो. अटी पाळण्याचे कर्तव्य वाचत नाही.

‘बाय’ म्हणजे श्रेय द्यावे. येथे सांगितलेल्या चार अटींच्या जुळणीतून संस्थेचे सहा परवाने बनतात आणि त्या सहाही परवान्यांत ही अट आहे. ‘एसए’ म्हणजे फेरफार करून प्रसिद्ध केलेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी लाभासाठी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे फेरफार केलेली कृती इतरांना देऊ नये. यांखेरीज ‘सीसी झीरो’ हे वेगळे साधन आहे. त्याद्वारे निर्माता कायद्याने शक्य तेवढे सर्व हक्क सोडून देतो. विकिपीडियावरील मजकूर ‘बाय-एसए’ परवान्याखाली असतो, त्यामुळे तेथील परिच्छेद श्रेयाविना आपल्या लेखात घेणे हे मुक्त परवान्याचेही उल्लंघनच ठरते.

श्रेयाची ओळ कशी लिहावी, हे एका उदाहरणाने दाखवतो. केवळ ‘साभार : इंटरनेट’ किंवा शोधयंत्राचे नाव लिहिणे म्हणजे श्रेय नव्हे, कारण शोधयंत्र चित्र दाखवते, ते चित्र त्याचे नसते. योग्य ओळ अशी असेल : ‘पावसातील पूल’, छायाचित्रकाराचे नाव, मूळ पानाची लिंक, परवाना सीसी बाय-एसए ४.० आणि त्याची लिंक. मूळ छायाचित्र डावीकडून कातरले आहे. कृतीचे शीर्षक, निर्माता, स्रोत, परवाना आणि केलेला बदल या पाचही गोष्टी तीत आल्या आहेत. शेवटचा बदलाचा उल्लेख बहुतेक जण विसरतात. या परवान्यांच्या ४.० या आवृत्तीत एक समजूतदार तरतूद आहे : अट मोडल्याचे लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक सुधारल्यास गमावलेला परवाना आपोआप परत मिळतो.

दोन सावधगिऱ्या घ्याव्यात. परवाना देणारी व्यक्तीच त्या छायाचित्राची निर्माती आहे का, हे पाहावे. एकाच खात्यावर निरनिराळ्या शैलींची, निरनिराळ्या आकारांची, इतरांच्या नाममुद्रा पुसल्याच्या खुणा असलेली चित्रे दिसली, तर त्या परवान्यावर विसंबू नये. ज्याचा हक्क नाही त्याला परवाना देता येत नाही. तसेच छायाचित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल, तर तिच्या खासगीपणाचा प्रश्न या परवान्याने सुटत नाही.

प्रश्न : सहलीच्या चित्रफितीला शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेचे वादन जोडले होते, तेही पंचवीस सेकंद. तरी यूट्यूबवर हक्कदाव्याची सूचना आली. असे का?

उत्तर : संगीतात हक्कांचे अनेक थर असतात. रचना आणि शब्द यांचा हक्क एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा, वादक-गायकांचा तिसरा. रचना मुक्त झालेली असली, तरी आपण वापरलेले ध्वनिमुद्रण पाच वर्षांपूर्वीचे असू शकते. तीस सेकंदांपर्यंत मोकळीक असते, ही समजूतही निराधार आहे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा ध्वनीचा नमुना आपोआप पडताळते. तिच्यातून आलेल्या दाव्यामुळे बहुधा जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा चित्रफितीवर बंधन येते. ‘स्ट्राइक’, म्हणजे हक्कभंगाबद्दल वाहिनीवर नोंदवलेली ताकीद, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे. ९० दिवसांत तीन आल्यास वाहिनी बंद होऊ शकते. रचनेवरील हक्काची मुदत संपलेली असेल आणि आपण स्वतः ती वाजवून ध्वनिमुद्रित केली, तर दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न उरत नाही.

प्रश्न : माझी छायाचित्रे एका पानावर माझ्या नावाविना वापरलेली आढळली. मी काय करू शकते?

उत्तर : प्रथम पुरावा ठेवावा : त्या पानाचा पूर्ण पत्ता, दिनांक दिसेल असा स्क्रीनशॉट, आणि आपल्याकडील मूळ फाइल. मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख व इतर माहिती असते. समाजमाध्यमांवरून उतरवलेल्या प्रतीत ती बहुधा पुसलेली असते. हा फरकच आपली बाजू भक्कम करतो. त्यानंतर थेट आरोप न करता पत्र लिहावे. माझा अनुभव असा, की पुष्कळदा समोरच्या व्यक्तीला आपण काही चुकीचे केले याची जाणीवच नसते आणि शांत शब्दांतील पहिल्या पत्रानेच काम होते. पत्रात छायाचित्र कोणते, ते कोठे दिसते, आपल्याला काय हवे आहे (काढून टाकणे, नाव देणे की मोबदला) आणि किती दिवसांत, हे स्पष्ट असावे.

उत्तर न आल्यास ज्या सेवेवर ते पान आहे तिच्याकडे रीतसर सूचना द्यावी. बहुतेक मोठ्या सेवांचे नमुने अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याला अनुसरून तयार केलेले असतात. मूळ कृती, वादग्रस्त पानाचा पत्ता, आपला संपर्क, हा वापर अनधिकृत असल्याचे सद्भावनेने केलेले निवेदन आणि स्वाक्षरी या गोष्टी त्यात लागतात. समोरच्याला प्रतिसूचना देता येते. तसे झाल्यास, आपण न्यायालयात न गेल्यास, १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पुन्हा दिसू लागतो. जाणूनबुजून खोटी सूचना देणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते. म्हणून सूचना पाठवण्यापूर्वी ते पान पुन्हा एकदा नीट पाहावे : आपल्या छायाचित्राचे परीक्षण तर कोणी केलेले नाही ना, की ते छायाचित्र आपणच कधीकाळी मुक्त परवान्याखाली दिले होते? एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही. तसे असल्यास परवान्यानुसार नाव मात्र मागता येईल, आणि ते अवश्य मागावे.